फॅन 'डायरेक्ट' करून देणं बंद करा!

गाडी गरम होते म्हणून गॅरेजला न्यावी, तर बॉनेट उघडायच्या आधीच उत्तर तयार असतं: "साहेब, रेडिएटरचा फॅन डायरेक्ट स्विचवर करून देतो, टेन्शनच नाही." अहो, बिघाड शोधलात का? थर्मोस्विच (पाणी तापलं की फॅन सुरू करणारा स्विच) गेलाय, रिलेचे (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळलेत, फ्यूज उडालाय की रेडिएटरमध्ये पाणीच कमी आहे? पाणी उतरलं की थर्मोस्विच कोरडा पडतो आणि त्याला तापमान कळतच नाही. हे काही न बघता डॅशबोर्डला भोक पाडायचं, लाइटचा टॉगल स्विच बसवायचा आणि त्यातून फॅनचा सगळा करंट ओढायचा!

छोट्या गाडीचा फॅनसुद्धा चालू असताना १० ते १५ अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. तो स्विच हे किती दिवस सोसणार? आधी पॉइंट काळे पडतात, मग प्लास्टिक वितळतं, आणि एक दिवस कसारा घाटात फॅन बंद. ड्रायव्हरला कळतं तेव्हा हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलेलं असतं. त्यात वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्यातून ग्रोमेटशिवाय, म्हणजे भोकात रबरी कडं न घालता नेलेली. पत्र्याची धार इन्सुलेशन कापते, लाइनला फ्यूज नसतो, आणि गाडी पेट घेते. चार पैशांच्या फ्यूजची कंजुषी कशासाठी?

रिले लावणं अवघड आहे का? बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज. तिथून ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून तशीच वायर फॅनला. ८६ ला इग्निशनचा प्लस, ८५ थर्मोस्विचमधून अर्थला. ८५-८६ मधली रिलेची कॉइल अर्धा अँपिअरही घेत नाही, त्यामुळे तिथे बारीक वायर चालते. फॅनची अर्थिंग रंग खरवडून, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) दाबून, बोल्टखाली. नुसती तार पिळून वर टेप गुंडाळू नका, इंजिनच्या उष्णतेत टेपचा डिंक सुटतो. हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) घाला. रिले पिना खाली करून बसवा, पावसाचं पाणी आत साचत नाही.

पाच पिनांचा रिले आणणाऱ्यांनी तर डोळे उघडे ठेवा. मधली ८७ए ही पिन कॉइल बंद असताना ३० ला जोडलेली असते. फॅन तिच्यावर लावला, तर किल्ली काढल्यावरही फिरत राहतो, सकाळी बॅटरी झोपलेली. आणि इंजिन तापून कॉइल ओढली की नेमका तेव्हाच फॅन थांबतो! असं जोडून पैसे घेणाऱ्याला काय म्हणायचं?

एसीसाठी वेगळा फॅन नसेल, तर दुसरा रिले पहिल्याला समांतर लावा आणि त्याची कॉइल कॉम्प्रेसरच्या क्लचच्या प्लसवर चालवा. जोडून झालं की फॅन चालू ठेवून बॅटरीच्या प्लसपासून फॅनच्या प्लसपर्यंत मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर पडत असेल, तर कुठला तरी जोड कच्चा आहे.

मुळात बिघाड शोधायला पाच मिनिटं लागतात. दोन वायरींचा थर्मोस्विच असेल, तर त्याचा कप्लर (वायरींचा प्लग) काढून इग्निशन ऑन करा आणि कप्लरच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडा. फॅन फिरला म्हणजे वायरिंग ठीक; रेडिएटरमध्ये पाणी पुरेसं असेल, तर स्विच बदला. नाही फिरला, तर रिलेची टक ऐका. ईसीयूवाल्या (फॅन कंप्युटर चालवतो अशा) गाडीत मात्र हे करू नका, तिथला सेन्सर वेगळा असतो, स्कॅनरवर तापमान वाचा.

यावर कडी म्हणजे "व्हॉल्व्ह पण काढून टाकतो, पाणी मोकळं फिरेल." हा व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा थर्मोस्टॅट, काढला आणि फॅन चोवीस तास फिरवला, की इंजिन नीट तापतच नाही. पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल राहते, फॅनचे ब्रश अकाली झिजतात. मग गिऱ्हाईक अॅव्हरेजची तक्रार घेऊन येतं, आणि हेच मेस्त्री त्याच्या गळ्यात नवे स्पार्क प्लग मारतात!