शुक्रवारनंतरचे पन्नास दिवस

गुड फ्रायडेला सकाळी सहाला माझी ड्यूटी सुरू झाली. बव्हेरियातल्या एका लहानशा गावातल्या वृद्धाश्रमात मी नर्स आहे. येत्या नोव्हेंबरात अकरा वर्षं होतील. सातच्या सुमाराला एका आजींच्या पायांची नखं कापत होते आणि खिशातला फोन सारखा थरथरत होता. घरचा ग्रुप. वसईत तेव्हा साडेदहा वाजले होते, सुट्टी होती, उपास होता, दुपारची क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना, अजून लांब होती. म्हणजे भांडायला उत्तम मुहूर्त.

विषय होता माझी भाची. तिच्या कॉलेजनं नेमकी त्याच दिवशी प्रॅक्टिकल परीक्षा ठेवली. भाऊ संतापला होता, प्राचार्यांना पत्र लिहायला बसला होता. आत्याचं म्हणणं, "जाऊन येऊ दे पोरीला, देव काय हजेरी मांडतो का?" मग मामांनी जुनं खातंच उघडलं. २०१५ साली उच्च न्यायालयांच्या मुख्य न्यायमूर्तींची परिषद गुड फ्रायडे ते ईस्टर अशी ठेवली गेली, न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून हरकत घेतली. २०१९ साली आमच्या शेजारच्या दादरा-नगर हवेलीत गुड फ्रायडेची राजपत्रित सुट्टी काढली, ती परत मिळवायला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. २०२४ साली मणिपूरमध्ये आर्थिक वर्ष संपतंय म्हणून ईस्टरचा रविवारच कामाचा दिवस ठरवला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला. मामा हे सगळं तारखांसकट सांगतात. निवृत्त शिक्षक आहेत, चूक सापडत नाही.

मधेच भावाच्या एका मित्राचा 'हॅपी गुड फ्रायडे' ग्रुपवर पुढे आला आणि येशूच्या मरणाच्या दिवशी 'हॅपी' कसलं, यावरून वीस मिनिटं वेगळी गेली. (माझं मत: आलेला नमस्कार घ्यावा. त्या बिचाऱ्यानं फुलांचं चित्र शोधून पाठवलेलं असतं.)

मी हे सगळं एका अशा देशात बसून वाचत होते जिथं हा वाद नावालाही नाही. जर्मनीत गुड फ्रायडेची सुट्टी आहे आणि ईस्टरच्या सोमवारचीही. या शुक्रवाराच्या जर्मन नावातच 'शोक' अशा अर्थाचा जुना शब्द आहे. बव्हेरियात तर कायद्यानं ठरवलेले 'शांत दिवस' असतात. गुड फ्रायडेला सार्वजनिक नाचगाण्याला मनाई असते. म्युनिकच्या काही मुक्तविचारवाद्यांनी २००७ साली त्याच रात्री मुद्दाम नाच ठेवला, तो बंद पाडला गेला, प्रकरण थेट घटना न्यायालयात गेलं. २०१६ साली निकाल आला की मनाई असू शकते, पण अजिबात अपवादच नाही असं चालणार नाही. मामांना हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. सरकार आपल्या शुक्रवारसाठी नाच थांबवतं, ही कल्पना त्यांना फार गोड वाटली असावी.

मला ती गोड वाटत नाही, कारण त्या शांत शुक्रवारी दुपारी तीनला मी चर्चमध्ये असते आणि बाकं मोजता येतात. इथं नाव नोंदवताना धर्म सांगितला की प्राप्तिकरावर आणखी चर्चचा कर लागतो. बव्हेरियात आठ टक्के, बहुतेक राज्यांत नऊ. तो नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन चर्च सोडल्याची नोंद करायची. २०२२ या एका वर्षात पाच लाखांहून अधिक जणांनी कॅथलिक चर्च असं सोडलं. सगळ्यांचं कारण पैसा नव्हता. लहान मुलांवरच्या अत्याचारांचे जे अहवाल बाहेर आले, त्यांनी माणसं खचली होती. ज्यांची नखं मी कापत होते त्या आजींनीही चाळीस वर्षांपूर्वी नाव कमी केलंय. का, ते त्या सांगत नाहीत.

पहिली काही वर्षं मी हा दाखला घरच्यांच्या तोंडावर फेकायचे. बघा, सुट्टी आहे, कायदा आहे आणि चर्च रिकामी. तुम्ही कशाला भांडता? परदेशात राहणाऱ्या माणसाला हा एक रोगच जडतो. इथलं एक टोक उचलायचं आणि तिथल्यांना गप्प करायचं.

आता तसं म्हणत नाही. सुट्टी असूनही मी त्या शुक्रवारी कामावर होतेच की; म्हातारी माणसं सणाला बंद ठेवता येत नाहीत. तीनच्या उपासनेला मी पोचते ते बोस्नियातून आलेल्या माझ्या मुसलमान सहकारिणीमुळे. ती दरवर्षी गुड फ्रायडेची माझी दुपार घेते, मी तिची ईद घेते. हे कुठल्या नियमात नाही. पण कामाच्या तक्त्यावर तो दिवस लाल रंगात असतो, म्हणून मला मागायला लाज वाटत नाही. ईद लाल नसते. तिला दरवेळी आधी समजावून सांगावं लागतं, मग मागावं लागतं. तो फरक मी इतकी वर्षं जवळून पाहतेय. तेव्हा भाचीसाठी भाऊ भांडतो ते बरोबरच आहे. एकोणीस वर्षांच्या पोरीनं परीक्षा की प्रार्थना हे एकटीनं ठरवायचं आणि वर कारण समजावत बसायचं, हे कुणी तिच्यावर लादू नये.

इथंवर मी मामांच्या बाजूची. मग, आजींचा डावा पाय संपवून उजवा घेताना, मला आमच्या घरातली दुसरी मुलगी आठवली.

आईला सांभाळायला झारखंडची एक मुलगी आहे, दोन वर्षं झाली. कॅथलिकच आहे, आमच्यापेक्षा कडक. बुधवार-शुक्रवार दोन्ही उपास धरते. आई तिच्याशी कादोडीत, आमच्या वसईच्या बोलीत, बोलते, ती हिंदीत उत्तर देते आणि दोघींचं भांडणसुद्धा व्यवस्थित होतं. मी जर्मन आजींचे पाय धुते, माझ्या आईचे पाय ती धुते. हा हिशेब मी मनात अनेकदा मांडलाय आणि दरवेळी अर्धवट सोडलाय.

ग्रुपवर विचारलं, "तिला आज क्रुसाच्या वाटेला सोडताय ना?"

कुणी काही लिहीना. मग आत्या: "मग आईजवळ कोण बसेल?" मग भाऊ: "तिला मराठी मिस्सा (चर्चमधली उपासना) कुठं कळते?" मग मामांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, ज्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

गुड फ्रायडेची सुट्टी मागणारं आमचं घर त्याच सकाळी एका मुलीला ती देत नव्हतं. दुष्टपणानं नव्हे. ती मागणाऱ्यांत मोजलीच गेली नव्हती.

भावाचं वाक्य मला जास्त लागलं, कारण भाषेच्या बाबतीत मी त्याच्याच बाजूची आहे. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला तो १६ एप्रिल २०२५ला, पवित्र आठवड्यातल्या बुधवारी. जूनअखेर तो मागे घेतला तेव्हा मीही इथं पेढ्यांऐवजी केक वाटला. वसईच्या ख्रिस्ती माणसाला मराठीचं प्रेम कुणी शिकवायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि 'पाद्री कशाला?' म्हणून काहींनी कुरकुर केली, तेव्हा आमच्या घरानं ते मनाला लावून घेतलं होतं. 'तुम्ही बाहेरचे' हे ऐकल्यावर कसं वाटतं, ते आम्हाला ठाऊक आहे. इथं मला लोक विचारतात, "भारतातली म्हणजे तू हिंदूच ना?" आणि नाही म्हटलं की, "मग धर्म कधी बदललास?" हाच प्रश्न मला दादर स्टेशनवरही आलेला आहे.

ईस्टरनंतर पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवस असतात, ईस्टरआधीच्या उपवासकाळापेक्षा मोठे. ते कसे जगायचे, यावर कुणी वाद घालत नाही, कारण बहुतेकांना ते असतात हेच आठवत नाही. बव्हेरियात ईस्टरला टोपलीतली अंडी, मीठ, हॅम आणि कोकराच्या आकाराचा केक चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात, आणि मंगळवारी दुकानात चॉकलेटचे ससे निम्म्या किमतीत. संपलं. वसईत उपवासकाळात लग्नं नसतात, म्हणून ईस्टर झाला की मांडवांची रांग लागते. हळद, बँड, फुगे, इंद्याळाचं जेवण, आठशे पानं, आणि पुढची चार वर्षं कर्जाचे हप्ते. लग्नातला डामडौल कमी करा असं फादर दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी त्याच लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवले जातात.

त्या पन्नास दिवसांत मिस्सेला बायबलमधली 'प्रेषितांची कृत्ये', म्हणजे येशूच्या शिष्यांच्या हकिकती, वाचली जातात. ती ऐकली तर मांडवातली झोप उडेल. दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी सहाव्या अध्यायाची पाळी येते. येरुशलेमच्या पहिल्या मंडळीत तक्रार उठली की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. येशूचं पुनरुत्थान होऊन काही काळच लोटलेला, आणि पहिलं घरगुती भांडण कशावरून? भाषा आणि जेवण. प्रेषितांनी काय केलं? तुमच्यातले सात जण निवडा म्हणाले. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. स्तेफन, फिलिप, वगैरे. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप दिलं. "त्यांना आधी हिब्रू शिकू द्या," असं कुणी म्हटल्याची नोंद नाही.

मी हे ग्रुपवर लिहिलं. मोठं लिहिलं, जरा चढ्या आवाजात लिहिलं. भावानं उत्तर दिलं, "तू तिथं बसून प्रवचन दे." यात चूक काहीच नव्हती.

एक गोष्ट इथं सांगायचा मोह आवरत नाही. पवित्र गुरुवारच्या मिस्सेत ग्लोरिया या स्तुतिगीताला घंटा वाजतात आणि मग ईस्टरच्या जागरणापर्यंत मुक्या राहतात. तोवर मुलं लाकडी खटखट्या फिरवत हिंडतात. घंटा कुठं गेल्या, असं विचारलं तर मुलांना सांगतात, उडून रोमला गेल्या. आमच्या वसईच्या घंटा खरंच उडाल्या. १७३९ साली चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला आणि चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या. एक मेणवलीला कृष्णाकाठी आहे, तिच्यावर १७०७ साल कोरलेलं आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. तिथं त्या अजून टांगलेल्या आहेत. लहानपणी याचं मला वाईट वाटायचं. आता इथल्या मुक्या शुक्रवारी मला बरं वाटतं की आपल्यातली एखादी घंटा आत्ता कुठंतरी वाजत असेल, आणि ती कुणाच्या भाषेत वाजतेय हे ती विचारत नसेल.

भाचीची परीक्षा पुढे ढकलली गेली नाही. ती सकाळी परीक्षा देऊन तीनला चर्चमध्ये पोचली, घामाघूम.

त्यानंतरच्या रविवारी माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, भाऊ. मागे आई पलंगावर, पाय स्टुलावर. "ती मिस्सेला गेलीय," तो म्हणाला, जणू विशेष काही नाही. "हिंदीतली, नालासोपाऱ्याच्या बाजूला कुठेतरी असते म्हणे. आईची नखं वाढलीत. ही जाड नखं कशी कापायची?"

मी म्हटलं, आधी कोमट पाण्यात पाय ठेव, पंधरा मिनिटं. मग पूस, बोटांच्या मधेही पूस, ओल राहिली की चिरा पडतात. सरळ काप, कोपऱ्यात शिरू नकोस. त्यानं फोन खिडकीला टेकवून ठेवला. मला त्याचं टक्कल आणि आईचा अंगठा एवढंच दिसत होतं.

"हळू रे," आई म्हणाली. "ती पोरगी बरी कापते."