तिशी, मुलगा आणि गोव्याचा ‘समान’ कायदा

चवथीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायचं फळा-पानांचं छत, बांधायचं काम पुरुषांकडे आणि खतखत्याची भाजी चिरायचं काम ओसरीवर बसलेल्या बायकांकडे असतं. यंदा सुरण सोलता सोलता धाकट्या बहिणीने हात पदराला पुसून फोन माझ्यापुढे धरला. “ताई, हें पळे गो, दादाने आपल्या गोव्याबद्दल किती छान पाठवलंय.” दादा म्हणजे आमचा पुण्याचा मामेभाऊ. मेसेज मी आधी चार ग्रुपवर बघितलेला होता आणि चारही वेळा अंगठ्याने वर सरकवून दिला होता. पण बहीण पुढे म्हणाली, “आम्ही गोंयच्यो बायलो किती नशीबवान, न्ही?” आणि मला राहवेना. का राहवलं नाही ते पुढे येईलच.

मेसेज थोडक्यात असा: गोव्यात १८६७ पासून सगळ्या धर्मांना एकच कायदा आहे. तिथे कोणालाही दुसरी बायको करता येत नाही. तोंडी तलाक नाही. लग्न झालं की बायको आपोआप अर्ध्या मालमत्तेची मालकीण. पोर्तुगीजांनी जी समानता दिली ती आपल्या सरकारांना सत्तर वर्षांत देता आली नाही. जगातल्या प्रत्येक देशात असाच एक कायदा आहे, फक्त भारतातच धर्म बघून कायदा बदलतो. शेवटी तिरंगा, जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

समान नागरी कायदा हवा की नको, हा वाद मी इथे घालत नाहीये. तो घालायला माझी हरकत नाही, पण आमच्या घराचं उदाहरण देऊन घालणार असाल तर आधी घरात येऊन बघा.

दुसऱ्या बायकोपासूनच सुरुवात करते, कारण त्यावरच माझं डोकं फिरलं.

१८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा वसाहतींना लागू करणारा हुकूम निघाला १८६९ मध्ये आणि गोव्यात त्याचा अंमल सुरू झाला १ जुलै १८७० पासून. वसाहतींना लागू करतानाच बिगर-ख्रिस्ती लोकांच्या रूढी-परंपरा बाजूला राखून ठेवल्या गेल्या. मग त्या रूढींची वेगळी संहिताच झाली. १६ डिसेंबर १८८० चा हुकूम, गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींबद्दलचा. दीवसाठी वेगळी संहिता १८९४ ची. म्हणजे ‘एकच कायदा’ म्हणतात त्याच्या पोटात पहिल्या दहा-अकरा वर्षांतच धर्माप्रमाणे कप्पे पडले.

त्या १८८० च्या हुकुमात काय आहे? हिंदू पुरुषाने पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न कायदा मानणार नाही, असं आधी म्हटलंय. छान. पण लगेच अपवाद. बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झालं नाही, तर चालेल. आणि दुसरा अपवाद असा की मुलगा झालेला नाही आणि बायकोने तिशी पूर्ण केली, तर चालेल. तिशी झाली नसेल पण शेवटच्या गरोदरपणाला दहा वर्षं उलटली असतील, तरी चालेल.

मुलगा. मूल नाही, मुलगा. ज्या माणसाने हे वय ठरवलं त्याने बाईकडे कुठल्या नजरेने बघितलं असेल? आमच्याकडे नारळाच्या माडाला इतक्या वर्षांत नारळ धरला नाही तर तो काढतात, तसा हा हिशेब.

माझी बहीण गेल्या मार्चमध्ये तीस वर्षांची झाली. तिला दोन मुली आहेत. धाकटी त्या वेळी तिच्याच मांडीवर बसून सुरणाची साल चघळायला बघत होती. मी तिला हे वाचून दाखवलं तेव्हा माटोळीला कवंडळ बांधणारा तिचा नवरा शिडीवरून हसला, “म्हणजे मला परवानगी आहे?” सगळे हसले. ती हसली नाही. आई म्हणाली, “सणाच्या दिवशी नको तें कित्याक उलयतात?” विषय संपला. माझा संपला नाही.

आता एक गोष्ट मान्य करते, नाहीतर उद्या कोणी वकील मला धरेल. या कलमाचा आधार घेऊन आज कोणी दुसरं लग्न केल्याचं मी ऐकलेलं नाही. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, त्याच वर्षी लग्न हा दिवाणी करार ठरला, घटस्फोट आला, आणि त्यानंतर हे अपवाद उरतातच कुठे असाही युक्तिवाद होतो. ठीक. पण मग दादा, निदान ‘कायद्यात होतं, वापरात नाही’ एवढं तरी लिहायचं. ‘कोणालाही नाही’ असं छातीठोक कशाला? आणि तुला माहीत नसेल तर सांगते, तुमच्या मुंबई प्रांताने हिंदूंचं दुसरं लग्न १९४६ मध्येच कायद्याने बंद केलं. देशभरासाठी १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. तो गोव्याला लागू नाही. म्हणजे या एका बाबतीत हेवा करायचा तर आम्ही तुमचा करायला हवा.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय’. हो, म्हटलंय. १३ सप्टेंबर २०१९ चा निकाल, जोझे पावलो कुतिन्यो विरुद्ध मारिया लुइझा व्हालेंतिना परेरा. वाद होता एका गोंयकाराच्या मुंबईतल्या मालमत्तेचा: तिला गोव्याचा कायदा लागू की भारतीय उत्तराधिकार कायदा? कोर्टाने सांगितलं, माणूस गोव्याचा अधिवासी असेल तर त्याची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्या कायद्याने. त्या ओघात गोव्याला समान नागरी कायद्याचं लखलखीत उदाहरण म्हटलं गेलं, धर्म न बघता सर्वांना लागू, आणि त्याच वाक्यात पुढे: काही मर्यादित हक्कांचं संरक्षण वगळता. फॉरवर्ड करणाऱ्यांचं वाचन ‘वगळता’च्या आधीच संपतं. सगळी गंमत त्या ‘वगळता’त आहे.

तोंडी तलाकचा मुद्दा बरोबर आहे. त्याच निकालात लिहिलंय की गोव्यात नोंदलेल्या लग्नातल्या मुस्लिम पुरुषाला बहुपत्नीत्व नाही आणि तोंडी घटस्फोटाची सोय नाही. १९३७ चा शरियत कायदा इथे कधी आलाच नाही. दिला, हा एक गुण मेसेजला दिला. म्हणजे आता हिशेब असा झाला की मुसलमानाला अपवाद नाही आणि हिंदूला कागदावर का होईना आहे. ‘धर्म बघितला जात नाही’ म्हणे.

धर्म तर लग्नाच्या नोंदणीच्या टेबलावरच बघितला जातो. आम्हा हिंदूंना सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जावं लागतं. पहिली सही म्हणजे फक्त ‘आम्हाला लग्न करायचंय’ असं सांगणं. मग नोटीस लागते, मुदत जाते, आणि दुसरी सही झाली की कायद्याने लग्न. कॅथलिक जोडपं रजिस्ट्रारचा दाखला घेऊन चर्चमध्ये जातं, तिथे पाद्रीपुढे लग्न लागतं आणि चर्चची नोंद सरकारी वहीत उतरवली जाते. १९४६ च्या हुकुमाने ही सोय केली, आणि चर्चमध्ये लागलेलं लग्न रद्दबातल ठरवण्याचा अधिकारही चर्चच्याच न्यायाधिकरणाला दिला होता. देवळात भटजीने लावलेल्या लग्नाला असं काही वजन नाही. हे चांगलं की वाईट ते सोडा, पण याला ‘एकसारखं’ म्हणत नाहीत.

आणि या दोन सह्यांमुळेच ‘आपोआप अर्धी मालकीण’ हा मुद्दा मला नुसता चुकीचा नाही, धोक्याचा वाटतो.

आमच्या वाड्यावरच्या एका मुलीचं लग्न वाजतगाजत झालं होतं. हॉल, चारशे पानं, जेवणात तीन गोड. पहिली सही साखरपुड्याच्या आठवड्यात झालेली. दुसऱ्या सहीच्या दिवशी नवऱ्याला जहाजावर चढायचं होतं म्हणून ती ‘आल्यावर करू’वर गेली. तो आला, गेला, परत आला. सही राहिली. पाच वर्षांनी घरात बिनसलं, वकिलाकडे गेली, तेव्हा वकिलाने पहिला प्रश्न विचारला: दुसरी सही कुठे? तिला वाटत होतं सही झालीय. मंगळसूत्र गळ्यात, अल्बम कपाटात, आणि कायद्याच्या वहीत लग्नच नाही. त्या मुलीला कोणी विचारा ‘आपोआप’ म्हणजे काय.

नोंदणी नीट झाली तरी अर्धा वाटा मिळतो तो वेगळा करार नसेल तर. लग्नाआधी नोटरीसमोर करार करून ज्याचं त्याचं वेगळं ठेवता येतं, आणि तो लग्नानंतर बदलता येत नाही. म्हणजे ‘लग्नाच्या धांदलीत काहीतरी सही घेतली’ असं जिला आठवतं, तिने तो कागद आधी शोधावा. करार नसेल तर दोघांची लग्नाआधीची आणि नंतरची मालमत्ता एक होते आणि त्यात निम्मा-निम्मा हक्क. हे खरं आहे आणि याचा मला अभिमानही आहे. नवऱ्याला बायकोच्या सहीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. आईवडिलांना मुलीला पूर्ण डावलता येत नाही, निम्मी मिळकत वारसांसाठी राखीवच असते. वारसाहक्काचा तेवढा भाग आता २२ डिसेंबर २०१६ पासून गोव्याच्या स्वतःच्या कायद्याने चालतो.

पण १८६७ च्या संहितेने या सामाईक मिळकतीचा कारभार कोणाच्या हाती दिला? नवऱ्याच्या. बायकोच्या हाती फक्त नवरा हजर नसताना किंवा असमर्थ असताना. मालकी दोघांची, किल्ल्या एकाकडे. जमिनीला बायकोची सही लागते, पण बँकेतल्या ठेवी, दुकानाचा गल्ला, सोनं, गाडी यांच्या बाबतीत ‘अर्धी मालकीण’ला अनेकदा कळतं ते सगळं उडाल्यावर. आमच्या आतेने आयुष्यभर अर्धी मालकीण असून गॅस सिलिंडरचे पैसे मागून घेतले. अर्धेपणाची नियमित आठवण ठेवतं ते आयकर खातं! १९६१ च्या आयकर कायद्यात गोव्याच्या जोडप्यांसाठी ५अ कलम घातलं गेलं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं वाटून धरायचं. त्यामुळे आतेच्या नावाने दर वर्षी विवरणपत्र जायचं. त्यातला आकडा तिने एकदाही बघितला नाही.

पोर्तुगीजांच्या समानतेबद्दल फार लिहीत नाही. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, याच राज्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोही ठरवून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, चाललं. बिगर-कॅथलिकांना खरी बरोबरी मिळाली ती राजा गेल्यावर, १९१० नंतर. आणि ज्या संहितेची आरती चाललीय ती खुद्द पोर्तुगालने १ जून १९६७ ला बाजूला ठेवून नवी आणली. मग १९७६ च्या राज्यघटनेनंतर, १९७७ मध्ये त्या नवीतही नवरा-बायकोच्या बरोबरीसाठी दुरुस्त्या केल्या. आम्ही १९६१ मध्ये मुक्त झालो, १९६२ च्या कायद्याने आधीचे कायदे चालू ठेवले गेले, आणि त्यांनी टाकलेला अंगरखा आमच्या अंगावर राहिला.

राहिला ‘जगातल्या प्रत्येक देशात’. इस्रायलमध्ये देशाच्या आत दिवाणी लग्नच नाही. लग्न रबाय, काझी, पाद्री यांच्याकडे, आणि ज्यांना ते नको ती जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. लेबनॉनमध्ये पंथागणिक पंधरा वेगवेगळे कौटुंबिक कायदे. सिंगापूर, फिलिपाइन्स, श्रीलंका इथे मुस्लिमांसाठी वेगळे कायदे आहेत. आणि युरोप म्हणाल तर ग्रीस घ्या. तिथल्या थ्रेस भागातल्या मुस्लिमांना गेलं शतकभर शरियत लागू होती. एका मुस्लिम नवऱ्याने नोटरीसमोर देशाच्या साध्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करून सगळं बायकोला दिलं. तो गेल्यावर त्याच्या बहिणी कोर्टात गेल्या: भाऊ मुसलमान होता, त्याला हे मृत्युपत्र चालणार नाही. ग्रीसच्या कोर्टांनी ते मानलं आणि त्या विधवेची तीन चतुर्थांश मिळकत गेली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने मोल्ला साली विरुद्ध ग्रीस या खटल्यात ग्रीसला दोषी धरलं, एकमताने. तारीख १९ डिसेंबर २०१८. आमच्या मुक्तिदिनाचीच तारीख निघाली, योगायोग. त्या न्यायालयाने ‘सगळ्यांना एकच कायदा करा’ असं नाही सांगितलं. माणसाने स्वतःहून सामान्य कायदा निवडला असताना त्याच्या धर्माकडे बोट दाखवून त्याच्या बायकोला कमी देता येणार नाही, एवढंच सांगितलं.

हे सगळं मी चवथीच्या रात्री आरत्या झाल्यावर, थोडं कमी तिखट करून, घरच्या ग्रुपवर टाकलं. दादाने अंगठा दाखवला आणि पाठोपाठ गणपतीच्या फोटोखाली ‘शुभ रात्री’. मामीने विचारलं, नेवऱ्या उरल्यात का.

सकाळी उठले तर बहीण माहेरच्या लोखंडी कपाटासमोर जमिनीवर बसलेली. पत्रिका सापडली, एलआयसीच्या पावत्या सापडल्या, दोन्ही मुलींचे जन्मदाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेले. “ताई,” ती वर न बघता म्हणाली, “माझी दुसरी सही झाली होती मगो?” मला आठवतंय की झाली होती, मीच साक्षीदार होते. तरी सुट्ट्या संपून ऑफिस उघडलं की दोघी जाऊन दाखल्याची नक्कल काढून आणणार आहोत.