दहावीचं वर्ष आणि ते ७३० तास

जून उजाडला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ठिकाणी आला, त्यातल्या एका ठिकाणी तर क्लासच्या जाहिरातीला चिकटूनच. थोडक्यात मजकूर असा: मूल दहावीला गेलं की मैदान बंद करा. रोजचे दोन तास म्हणजे वर्षाचे ७३० तास वाया. खेळून पोरं दमतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. एकदा खेळाची चटक लागली की शाळेतून मन उडतं. खेळात करिअर लाखात एकाचं होतं. आणि शेवटी, एकच वर्ष तर आहे, नंतर खेळूच की.

माझी मुलगी खोखो खेळते आणि यंदा दहावीला आहे. म्हणजे मी काही तटस्थ नाही. तरी एकेक मुद्दा घेते.

आधी ते ७३० तास. कुणीतरी दोनाला ३६५ ने गुणलंय. त्यातून रविवार वजा केलेले नाहीत, गणपती नाहीत, दिवाळी नाही, चाचणी परीक्षेचे आठवडे नाहीत आणि जुलैत मैदानाचं तळं होतं ते दिवसही नाहीत. आमच्याकडे सराव दीड तासाचा. गेल्या वर्षी तो भरला १६० दिवस, म्हणजे २४० तास. पण खरी मेख आकड्यात नाही. मेसेज असं धरून चालतो की मैदानावरचा तास वाचला की तो आपोआप पुस्तकात जातो. मे महिन्यात सूर मारताना हिचा गुडघा दुखावला आणि तीन आठवडे ती घरी होती. संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात तिने एकदाही वही उघडली नाही. सोफा आणि मोबाइल. सराव असतो तेव्हा मात्र सातला घरी, आंघोळ, जेवण आणि आठला टेबलावर, कारण तिला दुसरा वेळच नसतो.

हे एका घरातलं झालं, त्यावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून मोठा आकडा सांगते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१० मध्ये ५० अभ्यासांचा आढावा घेतला. शाळेतला पीटीचा तास, मधली सुट्टी, शाळेनंतरचे खेळ, सगळंच त्यात होतं. शारीरिक हालचाल आणि अभ्यास यांच्यातले २५१ संबंध तपासले. निम्म्याहून किंचित जास्त ठिकाणी फायदा दिसला, सुमारे ४८ टक्के ठिकाणी काहीच फरक दिसला नाही आणि तोटा दिसला फक्त दीड टक्का ठिकाणी. यातलं ४८ टक्केही नीट वाचा. खेळलं की टक्केवारी वाढतेच, असं सांगणारे उलट बाजूचे मेसेजही येतात, तेही इथे तोंडघशी पडतात. पण खेळामुळे मूल मागे पडतं म्हणणाऱ्यांच्या वाट्याला दीड टक्काच येतो.

दुसरा मुद्दा, दमण्याचा. इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी ७ ते ९ वर्षांच्या २२१ मुलांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटण्या केल्या. एका गटाला नऊ महिने शाळा सुटल्यावर भरपूर पळवलं, खेळवलं. दुसरा गट प्रतीक्षायादीत ठेवला. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. खेळलेल्या मुलांचं लक्ष कमी विचलित होत होतं आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर मन वळवणंही त्यांना अधिक जमत होतं. ही दहावीची मुलं नव्हती आणि मोजलं ते अवधान, परीक्षेचे गुण नव्हेत. तरी ‘खेळून लक्ष लागत नाही’ याच्या हे बरोबर उलट आहे.

एक गोष्ट मात्र मी मेसेजवाल्यांना देऊन टाकते. पहाटे पाचला सराव, मग शाळा, मग क्लास, पुन्हा सराव, रात्री अकरापर्यंत गृहपाठ, असं केलं तर पोर दमणारच. शिवाय शालेय स्पर्धा तालुक्यावरून जिल्ह्यावर आणि जिल्ह्यावरून विभागावर गेल्या की आठ-आठ दिवस वर्ग बुडतो. तो बुडालेला धडा परत शिकवायची जबाबदारी कुणाचीच नसते. क्रीडाशिक्षक म्हणतात वर्गशिक्षकांना विचारा, वर्गशिक्षक म्हणतात मैत्रिणीची वही घे. हा दोष खरा आहे, पण तो शाळेच्या कारभाराचा आहे.

आता चटक लागण्याचा मुद्दा. या एका मुद्द्यासाठी खरं तर मी लिहायला बसले.

मुंबईत कफ परेडला आंबेडकर नगर नावाची वस्ती आहे. तिथल्या अशोक राठोडने पाहिलं की बरोबरीची पोरं शाळा सोडून ससून डॉकवर कामाला लागतात, हातात पैसा येतो आणि मागून जुगार आणि व्यसन येतं. २००६ मध्ये त्याने वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. त्यातून पुढे ऑस्कर फाउंडेशन उभं राहिलं. नियम एकच: शाळेत जाणार असशील तर फुटबॉल. म्हणजे मेसेजमध्ये जिला चटक म्हटलंय, तिलाच त्याने शाळेच्या दाराला बांधलं.

याच्या शेजारी अमेरिकेतल्या टेक्सासचा कायदा ठेवून बघा. तिथे १९८४ पासून ‘नापास तर खेळ नाही’. एका विषयात ७० च्या खाली गेलं की खेळाडू काही आठवडे संघाबाहेर. ऐकायला दोन्ही नियम सारखेच वाटतात, पण आहेत वेगळे. टेक्सासचा नियम गुण मागतो, आंबेडकर नगरचा हजेरी. गुण मागितले की जे पोर आधीच गळायला आलंय, त्याच्या हातून शेवटचा धागाही सुटतो. हजेरी मागितली तर गणितात कच्चं पोरही ती देऊ शकतं. आपल्याकडे घटक चाचणीत कमी पडले की पहिली कुऱ्हाड खेळावर येते, म्हणजे आपण न लिहिलेला टेक्सासचाच कायदा चालवतो.

नुसत्या खेळाने भागतं असंही नाही. रांचीजवळ युवा ही संस्था २००९ पासून खेड्यातल्या मुलींना फुटबॉल शिकवते. मुली मैदानावर टिकल्या, स्पेनला जाऊन स्पर्धा खेळून आल्या. तरी २०१५ मध्ये संस्थेला स्वतःची शाळा काढावी लागली. मैदान पोरीला आणून बसवतं, पण फळ्यापुढे कुणीतरी उभं असावं लागतं.

करिअरचा मुद्दा पटकन उरकते. लाखात एक, मान्य. कुंबळे इंजिनीअर होता हे सांगून मी वाद जिंकणार नाही, तोही लाखातलाच. पण आठवीत भूमिती शिकवताना आपण विचारतो का, यातून गणिती किती होणार? दहावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण ही कारणं मी मुद्दाम पुढे करत नाही. त्यासाठी खेळणारी पोरं प्रमाणपत्र हाती पडलं की थांबतात.

राहिलं ‘एकच वर्ष’. आमच्या शाळेच्या संघात मुली आठवीत पंधरा होत्या, नववीत अकरा. यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उरल्या सहा. खोखोला मैदानात नऊ जणी लागतात. गेल्या वर्षी दहावीसाठी थांबलेल्यांपैकी कुणीही अकरावीत पुन्हा पाटीवर बसलेली मला दिसली नाही. गेल्या वेळची सगळ्यात चपळ पळती आता संध्याकाळी दोन क्लास करते. तिच्या आईला फोन केला तर म्हणाल्या, “अहो, तुम्हाला नाही का आला तो मेसेज? थांबा, पाठवते.”