‘प्लंबर महिन्याला दीड लाख कमावतो’ : त्या मेसेजचा हिशेब

गेले काही महिने एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. सोसायटीच्या, शाळेतल्या जुन्या मित्रांच्या, गावाकडच्या भावकीच्या. थोडक्यात असा : ‘डिग्रीच्या मागे लागू नका. मुंबईत प्लंबर-इलेक्ट्रिशियन एका व्हिजिटचे पाचशे घेतो. दिवसाला दहा व्हिजिट, म्हणजे महिन्याला दीड लाख. शिक्षण नको, भांडवल नको, टॅक्स नाही, डोक्यावर बॉस नाही. पण आपल्या मराठी पोरांना कामाची लाज वाटते, म्हणून बाहेरच्यांनी धंदा नेला.’ खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मी मालाड-गोरेगाव पट्ट्यात हेच काम करतो. वायरिंग, नळ, गीझर, पंखे, फुगलेली दारं, भिंतीवर टीव्ही टांगणं, जे पडेल ते. मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. हातकामाला मान मिळावा असं त्याला वाटत असेल तर मलाही वाटतं. पण त्यातलं एकही वाक्य धड नाही, आणि त्याची झळ आम्हाला बसते. गिऱ्हाईक पैसे काढताना हसत हसत म्हणतं, ‘तुमचं काय बुवा, महिन्याला दीड लाख!’ आणि पाचशेतले शंभर परत खिशात घालतं. म्हणून हा खटाटोप.

पाचशे गुणिले दहा गुणिले तीस. तीस दिवस म्हणजे रविवार नाही, आजारपण नाही, गावची जत्रा नाही. बरं, ते सोडा. ‘दहा’ कुठून आले?

जुन्या इमारतीत न्हाणीघरातला नळ टपकतोय, असा फोन येतो. ऐकायला दहा मिनिटांचं काम. गेटवर वॉचमनच्या वहीत नाव लिहा, तो वर फोन करणार, मग सोडणार. वर गेलं की पहिला प्रश्न, पाणी बंद कुठून होतं? घरातला कॉक कित्येक वर्षं कोणी फिरवलेला नसतो. जोर लावला तर आतला दांडा (स्पिंडल) तुटून वेगळंच लचांड. म्हणजे गच्चीवर जाणं आलं. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी बँकेत. किल्ली मिळाली की टाकीखाली ओळीने सहा व्हॉल्व्ह, एकावरही खूण नाही. एकेक बंद करायचा आणि खाली फोन लावायचा, ‘वहिनी, गेलं का पाणी?’ यांचं जात नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं जातं, आणि ते अंगाला साबण लावून बसलेले असतात. शेवटी पाणी थांबतं. नळ फिरवला की गंजलेल्या लोखंडी (जीआय) पाइपात त्याचा मागचा आट्यांचा तुकडा मोडून भिंतीतच राहतो. मग हॅक्सॉचं पातं हातात धरून त्या तुकड्याला आतून दोन चिरा पाडायच्या, छिन्नीने तो आत मुडपायचा आणि पकडीने ओढून काढायचा. पातं जरा खोल गेलं आणि पाइपाचे आटे कापले की टाइल फोडणं आलं, आणि त्या फिक्या हिरव्या रंगाची टाइल आता बाजारात नाही. एवढं निभावलं तर नवा नळ गिऱ्हाइकाने ऑनलाइन मागवलेला, तो भिंतीपर्यंत पोचत नाही. लांबी वाढवणारा जोड (एक्स्टेन्शन निपल) आणायला हार्डवेअरच्या दुकानात जा. परत येईपर्यंत दोन वाजलेले असतात, आणि दोन ते चार ठोकाठोकी बंद असा सोसायटीचा फलक. पाचशे रुपयांत अर्धा दिवस गेला.

सगळी कामं अशी नसतात. स्विच बदलायला पंधरा मिनिटं पुरतात. पण त्या पंधरा मिनिटांसाठी जाणं-येणं तासाभराचं, आणि त्याचे पैसे मागितले तर ‘बघायचे पैसे कसले?’ हे ठरलेलं. चांगल्या दिवशी तीन-चार कामं होतात. चार धरा, महिन्याचे चोवीस दिवस धरा. अठ्ठेचाळीस हजार होतात, तेही सगळ्यांनी पूर्ण पैसे दिले तर. त्यातून पेट्रोल, ड्रिलचे बिट, हाताखालच्या मुलाचा रोज, आणि आपलंच काम पुन्हा गळलं म्हणून फुकट मारलेली फेरी वजा करा. तीस-पस्तीस घरी आले तर महिना बरा गेला म्हणायचा.

शिवाय महिने सारखे नसतात. पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंगवाल्यांची चंगळ. पहिला जोराचा पाऊस झाला की ओल शिरून ट्रिप होणाऱ्या लाइनींचे फोन. गणपतीआधी आणि दिवाळीआधी तर ‘आजच या’. मधल्या पितृपक्षात नवं काम काढायला कोणी धजत नाही, आणि ऐन गणपतीत काम असलं तरी आमच्यातले निम्मे कोकणात.

नोकरीतल्या पंचवीस हजारांशी तुलना करायची तर तिकडचा पीएफ, भरपगारी रजा, पाच वर्षांनी लागू होणारी ग्रॅच्युइटी हेही मांडा. आमच्याकडे हात मोडला तर त्या दिवसापासून उत्पन्न शून्य. बांधकाम कामगार मंडळाच्या योजना चांगल्या आहेत, पण नोंदणीला वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदाराच्या साइटवरच्या माणसाला तो मिळतो. मी घरोघर फिरून पाइप बदलणारा, मला ९० दिवसांचा दाखला नेमकं कोणत्या वहिनींनी द्यायचा?

मग या धंद्यात लोक टिकतात कसे? बरे टिकतात. कारण पैसा व्हिजिटमध्ये नाही, पट्ट्यात आहे. चालत जाता येईल एवढ्या अंतरातल्या पंधरा-वीस इमारती, जिथला वॉचमन वही पुढे करत नाही, जिथे कोणत्या घराचं मीटर कुठे आणि न्यूट्रल कुठे सैल होतो हे पाठ आहे. ज्या गच्चीवरच्या सहा व्हॉल्व्हवर मी ऑइलपेंटने खोलीनंबर टाकून ठेवलेत, तिथे तोच नळ वीस मिनिटांत बदलून होतो. असा पट्टा जमायला वर्षं लागतात आणि एका बेईमानीत तो जातो. मेसेजमधला गुणाकार पहिल्या दिवसापासून दहा व्हिजिट धरतो. पहिल्या वर्षी दिवसाला एक मिळाली तरी पोरगं खूश असतं.

‘शिक्षण नको.’ हे वाक्य नुसतं चुकीचं नाही, धोक्याचं आहे. विजेच्या सुरक्षेचे केंद्रीय नियम स्पष्ट आहेत : दिवा, पंखा, फ्यूज, स्विच असल्या वस्तू जशाच्या तशा बदलण्यापलीकडचं काम, म्हणजे नवी लाइन ओढणं, वायरिंगमध्ये फेरफार, हे राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचं, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसाच्या हातून. आपल्याकडे त्याला तारतंत्री (वायरमन) परवाना म्हणतात. नवं मीटर घ्यायचं, लोड वाढवायचा, तर टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते, मग वीज बेस्टची असो की अदानीची. पालिकेकडून पाण्याचं नवं कनेक्शन घ्यायचं तर अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फतच जातो. आयटीआयचा वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्रीचा कोर्स दोन वर्षांचा, प्लंबरचा एका वर्षाचा. कागद नसला तर आयुष्यभर वॉशर आणि ट्यूबलाइट एवढ्यावरच समाधान मानावं लागतं, नाहीतर दुसऱ्याच्या सहीखाली लपून काम करावं लागतं.

आणि कागदाचं एक वेळ सोडा. गीझरला अर्थिंगच पोचलेलं नाही, करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, सारखा पडतो म्हणून आधी कोणीतरी तो सरळ बायपास करून ठेवलाय, असं घर मला दर थोड्या दिवसांनी भेटतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो तेव्हा तो बिघडलेला असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो सांगत असतो की कुठेतरी करंट गळतोय. ‘शिक्षण नको’वाल्याने तो काढून टाकला, पाचशे घेतले आणि गेला. अंघोळ मात्र त्या घरातली माणसं रोज करतात.

भांडवल. पकड, टेस्टर, पाने ही पिशवी स्वस्तात भरते, खरंय. पण काँक्रीटच्या भिंतीला रोटरी हॅमर लागतो, करंट मोजायला क्लॅम्प मीटर लागतो, छताला हात पोचायला घोडा, म्हणजे उघडून उभी राहणारी शिडी, लागतो. तो घोडा घेऊन सकाळच्या विरार लोकलच्या मालडब्यात चढून बघा, मग कळेल आम्ही दूरची कामं का टाळतो. खरं भांडवल अडकतं ते सामानात. ‘सामान तुम्हीच आणा, शेवटी एकदम हिशेब करू’ हे दहातले सात जण म्हणतात. लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून वायर, एमसीबी, स्विच-प्लेटा रोखीने उचलायच्या आणि गिऱ्हाइकाच्या पगाराची वाट बघायची. या मेसेजला आता शेपूट आलंय : ‘सरकार विश्वकर्मा योजनेत पंधरा हजारांची अवजारं फुकट देतं.’ २०२३ साली सुरू झालेल्या त्या योजनेत टूलकिटसाठी १५,००० रुपये आहेत, हे बरोबर. पण यादीतल्या १८ पारंपरिक व्यवसायांत सुतार आहे, गवंडी आहे, कुलूपवाला आहे. प्लंबर नाही, इलेक्ट्रिशियनही नाही. सायबर कॅफेत फॉर्मचे पैसे भरून हात हलवत परत आलेली पोरं आहेत.

‘टॅक्स नाही.’ गंमत बघा. मेसेजचेच दीड लाख धरले तर वर्षाचे अठरा लाख होतात, आणि सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे. म्हणजे जीएसटी खरंच नाही. आयकरातही छोट्या व्यावसायिकाला उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के एवढं किमान उत्पन्न दाखवून साधं रिटर्न भरायची सोय आहे. बहुतेकांना कर शून्यच येतो. पण म्हणून रिटर्नच न भरणारे सगळ्यात महागात पडतात. घराच्या कर्जाला बँक दोन-तीन वर्षांची रिटर्नं मागते, आणि ‘मी रोख कमावतो’ हे उत्तर तिथे चालत नाही. मुंबईत ज्याला कर्ज नाही त्याला घर नाही. टॅक्स नाही म्हणून टाळ्या पिटणाऱ्याने भाड्याच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करारही मोजावा.

बॉस नाही, हे थोडं खरं आहे आणि तेवढ्यासाठीच मी नोकरी धरली नाही. पण एका बॉसच्या जागी पन्नास असतात. सेक्रेटरी, वॉचमन, वरच्या मजल्याचे, खालच्या मजल्याचे. गळतीच्या भांडणात तर आम्ही न्यायाधीश. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरची भिंत, सामायिक पाइप सोसायटीने बघायचे आणि घरातल्या न्हाणीघराची, संडासाची, सिंकची गळती ज्याची त्याने. त्यामुळे न्हाणीघरातल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या ट्रॅपभोवतीचा सांधा गेलाय की भिंतीतला सामायिक पाइप, हे मी काय बोलतो त्यावर कोणाचे तीस हजार जाणार ते ठरतं. दोन्ही बाजूंचे काका आधीच वेगवेगळा फोन करून ‘तुम्ही समजून सांगा त्यांना’ म्हणून ठेवतात. ॲपवरून काम घेतलं तर दर ॲपचा, वेळ ॲपची, आणि दोन स्टार पडले की पुढचं काम दुसऱ्याला.

स्वतःचं काम म्हणजे ‘नाही’ म्हणता येणं. सोसायटीचा चेंबर तुंबला की ‘जरा उतरून बघा ना’ म्हणणारे आजही आहेत. गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस असा उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि मी उतरत नाही. बाहेरच्या छज्ज्यावर उभं राहून सेफ्टी बेल्टशिवाय एसीचं आउटडोअर युनिटही बसवत नाही. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघाताचा सुरक्षा विमा बँकेतून मिळतो, तो प्रत्येकाने घ्यावाच, पण तो पडल्यावरचा झाला.

राहिली लाज. हा मुद्दा ऐकला की माझं डोकं फिरतं. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातले प्लंबर देशभर आहेत, तिथल्या पट्टामुंडईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. राजस्थानातले सुतार मुंबईभर आहेत. त्यांना लाज कमी म्हणून नव्हे. काका आधी इथे असतो, पुतण्या येतो, काकाच्या खोलीत झोपतो, दोन वर्षं हाताखाली राबतो आणि मग स्वतःची पिशवी उचलतो. या धंद्यात शिरायचं दार एवढंच आहे. नालासोपाऱ्यातल्या मराठी पोराने आयटीआय केलं तरी त्याला दोन वर्षं हाताखाली घेणारं माणूस ओळखीत नसतं, आणि पहिल्या वर्षीच्या रोजात घरचा हप्ता बसत नाही. म्हणून तो बारा तास गोडाऊनमध्ये पार्सलं उचलतो. तेही हातकामच आहे. तिथे त्याला लाज वाटल्याचं मी ऐकलं नाही.

लाज असलीच तर स्थळं बघताना दिसते. आमच्या ओळखीत एकाचं बघणं चाललंय, परवानाधारक वायरमन, स्वतःचा पट्टा, रिटर्न भरलेली. मुलीकडचे विचारतात, कंपनी कुठली? स्वतःचं काम, म्हटलं की, म्हणजे दुकान आहे का? दुकान नाही म्हटलं की चहा येतो आणि पावसाचा विषय निघतो. त्या घरच्यांनीही हा मेसेज पुढे पाठवलेला असणार, त्याबद्दल माझी पैज आहे.