‘आकडा पन्नासच्या खाली, केमो नको’ हा मेसेज कुठे चुकतो

गेल्या आठवड्यात भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला आणि दोन दिवसांत तो नाशिकच्या आणखी तीन ग्रुपवर फिरताना दिसला. मजकूर थोडक्यात असा: कॅन्सरमुळे मूत्राशय काढलं की रिपोर्टमधली स्टेज नेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाका. पाच वर्षं जगण्याच्या शक्यतेचा आकडा पन्नास टक्क्यांच्या खाली आला तर पेशंट काही राहत नाही, केमोवर पैसे घालवू नका.

सिडकोत राहणाऱ्या माझ्या मामांचं हे ऑपरेशन होऊन पाच आठवडे झालेत. मेसेज त्यांनीही वाचला. शर्टाखाली पोटाला लावलेली लघवीची पिशवी एका हाताने सावरत, दुसऱ्या हाताने रिपोर्ट माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, “म्हणजे माझी दोनच वर्षं का रे?” त्यांना जे समजावलं तेच इथे लिहितोय.

‘स्टेज कळली की सगळं कळलं.’ नाही. मामांच्या रिपोर्टवर दोन ओळी आहेत. पहिली: कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूंतून बाहेरच्या चरबीपर्यंत गेलेला. दुसरी: लसिकाग्रंथी (कॅन्सर बऱ्याचदा आधी पसरतो त्या छोट्या गाठी) तपासल्या १९, बाधित ०. मेसेज फक्त पहिली ओळ वाचतो. लॉस एंजेलिसच्या १,०५४ रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात चरबीपर्यंत पोचलेला पण ग्रंथी स्वच्छ असलेल्यांपैकी पाच वर्षांनी ६२ टक्के लोकांना कॅन्सर परत झालेला नव्हता. ग्रंथी बाधित असलेल्यांत हेच प्रमाण ३५ टक्के. दुसऱ्या ओळीचं वजन एवढं आहे!

त्याच ३५ टक्क्यांचं दहा वर्षांनी काय झालं? ३४. म्हणजे ग्रंथी बाधित असूनही ज्यांनी कॅन्सर परत न होता पाच वर्षं पार केली, त्यांच्यापैकी बहुतेकांना पुढेही तो परत झाला नाही. ऑपरेशनच्या दिवशीचा आकडा कायमचा नसतो. जसजसे महिने निरोगी जातात तसतसा तो बदलतो. शिवाय ही ऑपरेशनं १९७१ ते १९९७ मधली आहेत, म्हणजे हे आकडे जुन्या काळातले.

‘कॅल्क्युलेटर चुकत नाही.’ १२ केंद्रांच्या ९,००० हून जास्त रुग्णांवरून २००६ साली असं एक साधन तयार झालं. त्यात स्टेज आणि ग्रंथींबरोबर वय, स्त्री की पुरुष, पेशींचा प्रकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात) आणि निदानापासून ऑपरेशनपर्यंत गेलेला वेळही धरतात. दोन रुग्णांपैकी कॅन्सर आधी कोणाला परत होईल, हे त्याने शंभर जोड्यांपैकी सुमारे ७५ वेळा बरोबर सांगितलं. नुसत्या स्टेजवरून ६८ वेळा. साधन कामाचं आहेच. पण पंचवीस वेळा चुकणाऱ्या साधनाच्या भरवशावर घरातल्या माणसाचे उपचार बंद करायचे?

‘आकडा कमी, म्हणजे केमो वाया.’ माझा सगळ्यात मोठा आक्षेप यावर आहे, कारण हे अगदी उलट आहे. धोका जास्त असेल तिथेच ऑपरेशननंतरच्या केमोचा विचार होतो. धोका फारच कमी असेल तर ती टाळता येते. रुग्णांवर केलेल्या उपचारांच्या दहा चाचण्या एकत्र करून २०२२ साली आलेल्या विश्लेषणात सिस्प्लॅटिन हे औषध असलेल्या केमोने पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ५० वरून ५६ टक्क्यांवर गेलं. शंभरात सहा माणसं. मामांना ऑपरेशनआधी केमो मिळाली नव्हती, त्यामुळे त्यांच्यासाठी हा प्रश्न खराच आहे.

केमो न देण्याची कारणंही असतात, पण ती वेगळी. सिस्प्लॅटिन किडनीवर येतं, म्हणून आधी किडनी किती काम करते ते मोजतात. कान, हृदय, माणसाची हिंडण्याफिरण्याची ताकद हेही पाहतात. सगळं समजून एखाद्याने नको म्हटलं तर तो त्याचा हक्क. फॉरवर्ड वाचून घाबरून नको म्हणणं वेगळं.

शिवाय वेळ हातात कमी असतो. ही केमो साधारणपणे ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत सुरू करतात. मामांचे पाच आठवडे गेले आणि त्यातला एक या मेसेजपायी. सोमवारी त्यांच्या क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट येईल. तो, बायोप्सीचा कागद आणि दोघांनी मिळून वहीत लिहिलेले प्रश्न घेऊन आम्ही ओपीडीत जाणार आहोत. पहिला प्रश्न मामांनीच लिहिलाय: ‘माझी किडनी केमो झेलेल का?’