नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्वतःबद्दल निकाल द्यायचा नाही

साडेचार वाजलेत, दुपारचेच, आणि इथे स्कॉटलंडमध्ये, एडिनबरात बाहेर मिट्ट काळोख झालाय. मघाशी कणीक मळताना डोक्यात जे घोळत होतं ते आता हात धुऊन टाइप करतेय, लांबलचक होईल, पण वाचा. विशेषतः ज्या मुली ह्या वर्षी नव्याने इकडे आल्यात त्यांनी तर वाचाच.

डिसेंबरच्या मध्याला इथे सूर्य साडेआठ उलटून गेल्यावर उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. जेमतेम सात तासांचा दिवस आणि त्यातही बहुतेक वेळा ढग. माझ्या साताऱ्यात ह्याच दिवसांत अकरा तास उजेड असतो. इथल्या लोकांकडे अशा ओल्या, करड्या, कुंद हवेसाठी खास शब्द आहे, ड्रीच. बसस्टॉपवर अनोळखी माणूससुद्धा आभाळाकडे बघून 'ड्रीच' म्हणतो आणि आपण मान हलवायची, एवढ्यात बोलणं पूर्ण होतं.

माझा हा तिसरा हिवाळा. पहिला नवलाईत गेला. दुसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे गेल्या वर्षी, ऑफिसात वरची एक पोस्ट निघाली होती. मॅनेजर स्वतः म्हणाली, तू भर. मी फॉर्म उघडला, नाव-गाव भरलं आणि 'गेल्या वर्षभरातली तुमची महत्त्वाची कामं' ह्या चौकोनापाशी येऊन थांबले. रोज रात्री लॅपटॉप उघडायचा, त्या रिकाम्या चौकोनात कर्सर लुकलुकताना बघायचा, आणि बंद करायचा. दोन आठवडे हेच. मला खरोखर एकही काम आठवत नव्हतं. मीटिंगमध्ये तोंड उघडावंसं वाटेना, कुणी काही विचारलं तर घशात आवंढा यायचा, आणि मनात एकच, आपण चुकून इथे आलोय, एक दिवस ह्यांना कळणार. जानेवारीत शेवटची तारीख निघून गेली, मी फॉर्म पाठवलाच नाही.

एप्रिलमध्ये, दिवस रात्री आठपर्यंत लांबले तेव्हा, जुन्या फाइल्स साफ करताना तोच ड्राफ्ट समोर आला. मी सहज टाइप करायला बसले आणि दहा मिनिटांत त्या चौकोनात सहा कामं लिहून झाली. सहाही कामं जानेवारीच्या आधीची होती! म्हणजे ती होतीच, फक्त मला दिसत नव्हती. त्या दिवशी मला जे रडू आलं ते पोस्ट गेल्याचं नव्हतं, आपण स्वतःबद्दल किती खोटं इतक्या खात्रीने मानत होतो ह्याचं होतं.

हे ओळखायला मला इतका वेळ का लागला ह्याचा नंतर खूप विचार केला. आपल्याकडे हिवाळा म्हणजे चांगले दिवस. हुरडा, शेकोटी, बाजरीची भाकरी आणि त्यावर तूप-गूळ, गुलाबी थंडी. हिवाळ्याने माणूस खचतो असं आपल्या बोलण्यातच नाही. झोपेतून उठवत नाही, गोड खावंसं वाटतं, कुणाला भेटावंसं वाटत नाही, ह्या सगळ्याला आपल्याकडे एकच शब्द, आळस. मीही स्वतःला आळशीच म्हणत होते. आई फोनवर म्हणायची, "अगं, थोडं उन्हात बस की." तिला कसं सांगणार की आई, ऊनच नाहीये गं इथं.

ह्या प्रकाराला डॉक्टरी नाव आहे, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर. 1984 मध्ये नॉर्मन रोझेन्थल आणि अमेरिकेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नाव दिलं. मला धीर कशाने आला माहितीये? हे रोझेन्थल स्वतः दक्षिण आफ्रिकेतून, उन्हाच्या देशातून न्यूयॉर्कला गेलेले आणि तिथल्या हिवाळ्यात आपली गती का मंदावते हे त्यांना आधी स्वतःवरच जाणवलेलं. म्हणजे आपल्यासारखेच की. सकाळी डोळ्यांत पुरेसा उजेड गेला नाही की शरीराचं घड्याळ मागे पडतं, आपण उठतो पण मेंदूसाठी अजून रात्रच असते. प्रत्येकाला हा आजार असतो असं मी म्हणत नाही, पण थोडाफार उतार इथे अनेकांना लागतो आणि त्या उतारावर सगळ्यात आधी घसरतो तो आत्मविश्वास, असं माझं मत आहे.

म्हणूनच मला त्या 'स्वतःवर विश्वास ठेवा, तुम्ही करू शकता' छाप रील्सचा राग येतो. ज्या माणसाला स्वतःचं एक काम आठवत नाही त्याला विश्वास ठेव म्हणून सांगणं म्हणजे रिकाम्या विहिरीत बादली सोडायला लावणं आहे. त्याला नाही जमलं की वर आणखी एक अपयश पदरात. मला तरी विश्वास आधी आणि काम नंतर असं कधीच जमलं नाही. आधी पाय बाहेर पडले, मन मागून आलं, तेही सावकाश.

ह्या वर्षी ऑक्टोबरपासूनच सुरुवात केली. सकाळी चहा घेताना ओट्यावर 10,000 लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) लाइट बॉक्स, म्हणजे प्रखर दिव्याची पेटी, अर्धा तास (घेणार असाल तर तो किती अंतरावर 10,000 लक्स देतो ते खोक्यावर वाचून घ्या, आणि डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर हा मनाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). व्हिटॅमिन डीची 10 मायक्रोग्रॅमची गोळी, जी इथे सगळ्यांनाच ऑक्टोबर ते मार्च घ्यायला सांगतात आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी तर वर्षभर घ्यावी म्हणतात. आणि दुपारी साडेबाराला, पाऊस असो नसो, मेडोज नावाच्या बागेत वीस मिनिटं चालणं. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर ऑफिसच्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट उजेड असतो, डोळ्यांना तो कळत नाही एवढंच.

पण खरा फरक पडला तो शनिवारच्या पार्करनने, म्हणजे कुणीही येऊन धावावं किंवा चालावं अशा दर आठवड्याच्या सामूहिक धावण्याने. क्रॅमंडला समुद्राकाठी 5 किलोमीटर, सकाळी साडेनऊला, फुकट. मी जन्मात कधी धावले नव्हते, शाळेत पीटीच्या तासाला कडेला उभी राहणारी मुलगी मी. मैत्रिणीने नाव नोंदवून टाकलं म्हणून गेले. पहिल्या दिवशी वारा असा की डोळ्यांतून पाणी, पाचशे मीटरमध्ये धाप लागली, सगळे पुढे निघून गेले आणि मला वाटलं आता मागे फिरावं. मागे वळले तर जॅकेट घातलेल्या एक आजी माझ्या मागून रमतगमत येत होत्या. त्या म्हणाल्या, मी टेल वॉकर आहे, सगळ्यांच्या शेवटी चालणं हेच माझं काम, त्यामुळे तू काही केलंस तरी शेवटची येणार नाहीस. केवढी मोठी गोष्ट आहे ही! कुणीतरी विचार करून, मुद्दाम एक माणूस शेवटाला ठेवलाय, म्हणजे ती जागा दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये. मी चालत, अधेमधे पळत, पाऊण तासाच्या वर घेऊन पोचले आणि घरी येऊन गरम पाण्याखाली उभी राहिले तेव्हा किती महिन्यांनी वाटलं की आपण बोललो ते केलं.

तेव्हापासून स्वतःला दिलेला शब्द अगदी छोटा ठेवते, पण मोडत नाही. मीटिंगमध्ये पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य बोलायचं, मग ते 'मला हे कळलं नाही, परत सांगाल का' एवढंच का असेना. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्वतःबद्दल कुठलाही मोठा निकाल द्यायचा नाही. नोकरी सोडू का, मी ह्या लायक आहे का, परत जाऊ का, हे सगळे प्रश्न डायरीत लिहून एप्रिलची तारीख टाकायची.

वर्मॉन्ट युनिव्हर्सिटीत 177 लोकांवर एक अभ्यास झाला होता, 2016 मध्ये छापून आला. अर्ध्यांना लाइट थेरपी, अर्ध्यांना ह्याच त्रासासाठी बेतलेली बोलण्याची थेरपी, ज्यात हिवाळ्याबद्दलचे आणि स्वतःबद्दलचे काळे विचार तपासून बघायला आणि घराबाहेर पडायला शिकवतात. पहिल्या हिवाळ्यात दोन्हींचा गुण सारखाच, पण दोन हिवाळ्यांनी पाहिलं तर दिव्यावाल्यांत सुमारे 46 टक्के लोकांना परत त्रास झाला आणि थेरपीवाल्यांत सुमारे 27 टक्के. म्हणजे दिवा लावाच, पण डोक्यात जे चाललंय त्याच्याशीही बोला.

आणि हे चालणं-बिलणं सगळं करूनही उठवतच नसेल, जगण्यात रस वाटत नसेल, तर आळस म्हणून अंगावर काढू नका गं. जीपीकडे, म्हणजे इथल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. मध्यरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर समॅरिटन्स ह्या मन मोकळं करायला ऐकून घेणाऱ्या संस्थेचा 116 123 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

ती वरची पोस्ट ह्या वर्षी परत निघालीये. एप्रिलमध्ये लिहिलेली ती सहा कामं मी फोनमध्ये जपून ठेवली होती, उन्हाळ्यात त्यात आणखी तीन भरली. काल सकाळी लाइट बॉक्ससमोर बसून सगळी त्या चौकोनात पेस्ट केली, एकदाही परत न वाचता पाठवून दिली. होईल न होईल, बघू.

येत्या शनिवारी क्रॅमंडला टेल वॉकरचं जॅकेट माझ्या अंगावर असणार आहे. एडिनबरात नवीन असाल, धावता येत नसेल, भीती वाटत असेल तर या. तुमच्या मागून मी आहे. येताना तिळाच्या वड्या आणते, संक्रांतीला अजून वेळ आहे पण आईने पाठवलेत तीळ.