खरवस, पणजी आणि रेडकाचा वाटा

मुलांना आपल्या लहानपणचा खाऊ देताना आपण त्याबरोबर आजीही वाढत असतो, आणि ही आजी हल्ली फार गोड झाली आहे. फेसबुकवर बघावं तर सगळ्यांच्याच आज्या सुगरण, मायाळू, नऊवारीत चुलीपुढं बसलेल्या. माझीही तशी होतीच. पण ती हिशेबी होती, तोंडाची फटकळ होती आणि तिचे काही समज साफ चुकीचे होते. मुलांना हे सांगावं की नाही, यावरून आमच्या घरी सध्या दोन तट पडलेत. कारण झाला खरवस.

पुण्यात खरवस डेअरीत मिळतो. केशर घातलेला, पिवळाधमक. तो आणला. धाकट्याने एका घासात हात आखडता घेतला. थोरलीने मात्र दोन वड्या संपवल्या आणि मग विचारलं, हे कशाचं असतं? म्हैस किंवा गाय व्याली की पहिले दोन-तीन दिवस जे दाट दूध येतं, तो चीक, त्याचा खरवस, असं मी सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. "मग ते बाळाचं ना?"

माझं आजोळ करवीर तालुक्यातलं. दावणीला पंढरपुरी म्हशी, शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली. म्हैस व्याली की आजी पहिल्या धारेचा चीक पितळी पातेल्यात घ्यायची. म्हशीचा चीक पांढराच असतो, पिवळेपणा गाईच्या चिकाला, त्यामुळे आमच्या खरवसाला रंग यायचा तो फक्त गुळाचा. चीक किती दाट आहे ते ती बोटावर घेऊन बघायची आणि त्याप्रमाणे साधं दूध मिसळायची. पहिल्या दिवशीच्या चिकात जवळजवळ निम्म्यास निम्म, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी कधी नाहीच. गूळ, वेलची, जायफळ. पातेलं मोठ्या भांड्यातल्या पाण्यात ठेवून वर ताटली आणि ताटलीवर वरवंटा. आच जास्त झाली की जाळी पडायची आणि पाणी सुटायचं. मग आजीचा दिवसभर तोंडाचा पट्टा सुरू, आणि त्यात हमखास सापडायची माझी मामी.

खरवस गल्लीभर वाटला जायचा. ज्यांच्याकडे जायचा ते वाटी रिकामी परत करायचे नाहीत, चिमूटभर साखर नाहीतर मूठभर तांदूळ घालून द्यायचे. गावाकडच्या औदार्याची गोष्ट म्हणून हे मी पूर्वी फार रंगवून सांगायचे. औदार्य होतंच. पण आणखी एक गोष्ट होती. गावात दूध गोळा करणाऱ्या डेअरीत चीक घेत नाहीत, कारण तापवला की तो दुधासारखा राहत नाही, थिजतो. आणि घरात फ्रीज नव्हता. म्हणजे तेवढे तीन दिवस दूध विकता येत नसे आणि ठेवताही येत नसे. एरवी त्याच घरात सकाळ-संध्याकाळ कॅन भरून दूध डेअरीला जायचं आणि आम्हा पोरांना कपभर चहात पळीभर दूध मिळायचं. डेअरीच्या पैशावर घर चालत होतं, त्यात आजीचं काही चुकत नव्हतं. पण खरवस इतका का आवडायचा, याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

आता थोरलीच्या प्रश्नाकडे येते. आजोबांचा ठाम नियम होता, वार, म्हणजे व्याल्यानंतर म्हशीची जी जार पडते ती, पडल्याशिवाय रेडकाला आचळाला लावायचं नाही. कधीकधी त्यात कितीतरी तास जायचे. हा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे आणि तो चुकीचा आहे. रेडकू जन्मतं तेव्हा रोगाशी लढणारी प्रथिनं त्याच्या रक्तात जवळजवळ नसतात, आईच्या पोटात ती त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. ती मिळतात चिकातून, आणि आतडी ती शोषून घेतात फक्त पहिल्या दिवसात, तेही तासागणिक कमी कमी. म्हणून डॉक्टर सांगतात, पहिल्या तासा-दोन तासांत पाजा, वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका चीक पाजा. रेडकू प्यायलं तर वार पडायला उलट मदतच होते. ना विरजण, ना अंडं, तरी खरवस घट्ट बसतो, तोसुद्धा याच प्रथिनांच्या जोरावर.

हेही मी थोरलीला सांगितलं. मग रेडी आणि रेड्याचंही सांगितलं. रेडी झाली की आजी दारातूनच ओरडून शेजारी सांगायची. रेडा झाला की घर गप्प, आणि त्याच्या वाट्याला दूध बेताचंच. आमच्या दावणीला मोठा झालेला रेडा मला आठवत नाही. गोठ्यात मादी हवी आणि माजघरात मुलगा हवा, असा तो सगळा न्याय. माझ्या पाठच्या बहिणीच्या वेळी आजीने शेजारी ओरडून सांगितलं नव्हतं, हे आईला आजही पाठ आहे.

तरीही आईचं म्हणणं, "पोरांना असलं काय सांगतीस? म्हातारी गेली, चांगलं तेवढं सांगावं." मला ते पटत नाही. चांगलं तेवढं सांगितलं की पणजीचा फोटो होतो, आणि फोटोला कुणी प्रश्न विचारत नाही. थोरली आता पणजीबद्दल रोज काहीतरी विचारते. ती शाळेत गेली होती का? तिला स्वतःला खरवस आवडायचा का? दुसऱ्याचं उत्तर मला आईला विचारून घ्यावं लागलं. आजी उपासाचं निमित्त करून खायची नाही, पण पातेल्याची खरवड कुणाला देत नसे.

मुलांनी आपल्यासारखे डोळे मिटून "अहाहा" म्हणावं, हा आग्रहही मी सोडलाय. धाकट्याला तो लिबलिबीतपणा नको वाटतो, तर नको. त्याला पेढा द्यावा आणि विषय संपवावा.

मामाची म्हैस गाभण आहे, दिवाळीच्या आगेमागे व्येल. सुट्टीत आम्ही जाणार आहोत. थोरलीने फोनवर मामाला अट घातली आहे की आधी रेडकू तिच्यासमोर पोटभर पिणार, मगच पातेलं चुलीवर जाणार. आणि रेडा झाला तरी. मामा म्हणाला, "बरं बाई, तू ये तर खरी. पण शेण काढायला लागंल."